काका, फ्लश करू नका

नर्सिंग शिकायला निघाले तेव्हा मला पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसवून द्यायला घरातून तिघं आले होते, आई, बाबा आणि काकी. बाबा गिरणी बंद करून तसेच आलेले, भुवयांवर पीठ. बॅगा डिक्कीत नीट बसल्या का, एवढंच ते बघत होते. आई सारखी एकच सांगत होती, "पोटभर जेवत जाजो." आणि काकी खिडकीशी आली न् सगळ्या यवतमाळला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शिकून सवरून काय, तं लोकायचं हागलं-मुतलं काढाले चालली." बाबांनी डिक्कीचं झाकण उगाच दोनदा दाबून पाहिलं.

बस सुटल्यावर रडावं असं मनात होतं, पण त्याला सवड मिळाली नाही. आईनं दिलेल्या डब्यातून लसणाच्या ठेच्याचं तेल गळून पिशवीला लागलं होतं. शेजारच्या सीटवरच्या बाई पुण्याच्या. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, नाकाला लावला आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, ते जरा वर ठेवता का? वास येतोय." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी अहो म्हटलं ते असं. मी डबा वर ठेवला आणि पुण्यापर्यंत उपाशी आले.

तुम्ही जे तिकडं राहिलात, आणि जे माझ्यासारखेच उठून इकडं आलात, तुम्हाला हे लिहिते आहे ते नर्सिंगचं कौतुक सांगायला नाही. रुग्णसेवा, त्याग, पांढरा पोशाख असलं कुणी बोलायला लागलं की मी उठून जाते. पहिल्या वर्षी मी जेवढी ओकले तेवढी लहानपणीच्या सगळ्या आजारपणात मिळून ओकले नसेन. वॉर्डात शिरलं की आधी डेटॉल, मग त्याच्या खालून लघवी, मग त्याच्याही खालून कुणाची तरी पिकलेली जखम. एका आजोबांचा थुंकीचा मग रिकामा करून मी मेसमध्ये आले आणि ताटात कढी. त्या दिवसापासून कढी सुटली ती सुटलीच. बिबवेवाडीतल्या हॉस्टेलवर मी अंघोळ करून केस हुंगायची, पुन्हा अंघोळ करायची, आणि वास काही जायचा नाही. आईचा फोन आला की "जेवली का?" आणि मी म्हणायची, "हो."

आमच्या ट्यूटर मॅडम उंचीनं एवढ्याशा, बोलायला कात्री. ओकून परत आलेल्या मुलीला त्या पाणी द्यायच्या आणि पुन्हा त्याच बेडपाशी न्यायच्या. पुस्तकात पेशंट तपासायच्या चार रीती होत्या. बघायचं, हात लावायचा, बोटांनी ठोकून पाहायचं, कान लावून ऐकायचं. मॅडम पाचवी सांगायच्या, हुंगायचं. कुणी मास्कच्या आत बाम चोळून आलेली दिसली की मास्क बदलायला लावायच्या. "किळस आली तर येऊ द्या," त्या म्हणायच्या, "मान फिरवायची नाही. आजार आतमध्ये एकेक पायरी उतरत असतो आणि प्रत्येक पायरीवर काहीतरी बाहेर टाकतो. ते तुम्ही न बघता ओतून आलात, तर पेशंटपाशी उभं राहून काय गाणी म्हणणार?"

आता वॉर्डात काय चालायचं ते ऐका. मोठे डॉक्टर राऊंडला यायच्या आधी पळापळ सुरू. बेडपॅन रिकामे, ओकारीची भांडी रिकामी, थुंकीचे मग धुतलेले, जखमांवर कोऱ्या पट्ट्या, चादरी ताणून कोपरे खोचलेले, नातेवाईक बाहेर. मग फरशीवर फिनेल आणि हवेत मोगऱ्याचा फ्रेशनर. इन्चार्ज सिस्टर दारात उभ्या राहून नाक वर करून एकदा श्वास घ्यायच्या आणि समाधानानं मान हलवायच्या. म्हणजे रात्रभरात ज्या ज्या वस्तूंनी आजार काहीतरी सांगितलं असेल, त्या सगळ्या गटारात, आणि डॉक्टरांच्या पुढं उरतो भांग पाडलेला एक माणूस. "कसं वाटतंय?" "बरं आहे." पुढचा बेड. मला पिकलेल्या जखमेची किळस येई ती येई, पण त्या मोगऱ्याची जी किळस बसली ती आजही आहे. कुणाच्या लग्नात गजरा पुढं केला तरी मी हात मागं घेते.

दुसऱ्या वर्षी मेडिकल वॉर्डात मला शिर्के काकांचा बेड मिळाला. काका खडकीचे, दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले, तिथं तपासणी खात्यात होते. दाढी रोज सकाळी गुळगुळीत, चष्मा रुमालानं पुसलेला, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण काहीतरी मोडलंय असं वाटावं. मी पहिल्यांदा बीपी घ्यायला गेले तर म्हणाले, "शिकाऊ का? चालेल. हात मात्र माझा आहे, जपून." घरी चक्कर येऊन पडले म्हणून आणलेले. रक्त कमी निघालं होतं. वय, भूक नाही, असं धरून रक्तवाढीच्या गोळ्या सुरू केल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी राऊंड झाला की डिस्चार्ज मिळणार होता. डॉक्टरांनी विचारलं होतं, शौचाला काळं होतं का. काका म्हणाले होते, "छे, सगळं व्यवस्थित." खालून तपासू का म्हटल्यावर म्हणाले, "त्याची काही आवश्यकता नाही," आणि पांघरूण वर ओढलं होतं.

मला अभ्यासासाठी त्यांची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करायची होती. खालची पापणी ओढून पाहिली, आत लाली नावाला नाही. नखं पांढरी. झोपलेले असताना नाडी जलद, उठून बसवलं तर आणखी पळायला लागली आणि बीपी खाली आलं. काकांच्या कपाळावर घाम. "काका, काही दुखतं का?" "गुडघे." काकू शेजारी बसून सफरचंद कापत होत्या, त्या म्हणाल्या, "गुडघ्याची गोळी घेतात ना रोज. चहा घ्यावा तशी, उपाशीपोटी." काका म्हणाले, "तिला नाही विचारलं." मग मी विचारलं, शौचाला कसं होतं, रंग कसा असतो. काकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खिशात हात घातलाय. "उत्तम होतं," ते म्हणाले, "आणि हा प्रश्न बायकांनी विचारायचा नसतो."

आपल्या गावाकडं हा प्रश्न विचारावा लागत नव्हता. आम्ही पोरी आयाबायांबरोबर डबा घेऊन ओढ्याकडं जायचो, आणि कुणाचं पोट बिघडलंय हे घरी परत यायच्या आत सगळ्यांना ठाऊक असायचं. मी त्या ओढ्याचे गोडवे गात नाही. घाण होती, साप होते, पुरुष मुद्दाम सायकली हळू चालवायचे. घरोघरी संडास झाले ते बरंच झालं. पण पुण्यात आल्यावर मी पाहिलं की माणूस जितका शिकलेला तितका संडासाचा दरवाजा जाड. काका बाथरूमला गेले की काकू मागोमाग जायच्या. फ्लश एकदा, फ्लश दोनदा, मग टॉयलेट क्लीनर, मग काकूंच्या पिशवीतली अगरबत्ती. वॉर्डात आगकाडी ओढायला मनाई, तरी. बाहेर येताना दोघांच्या चेहऱ्यावर काहीच घडलं नाही असा भाव.

त्या दिवशी त्यांच्या पाठोपाठ मी आत गेले. चंदनाची अगरबत्ती, क्लीनरचा लिंबाचा वास, आणि त्या दोन्हींच्या तळाशी एक तिसरा. तो वास मी आधी एकदाच घेतला होता, मॅडमनी दुसऱ्या वॉर्डात बोलावून मुद्दाम दाखवला होता. वरच्या पोटात रक्त वाहतं, ते आतड्यातून खाली येईपर्यंत काळं होतं, डांबरासारखं चिकट, आणि त्याचा वास साध्या विष्ठेचा नसतो. सडलेलं, गोडसर, घशाच्या मागं जाऊन बसणारं काहीतरी. भांड्याच्या कडेला काळा ओघळ चिकटून राहिला होता. मी वाकले, हुंगलं, आणि बेसिनमध्ये ओकले. तोंड धुतलं आणि स्टाफ सिस्टरकडं गेले.

स्टाफ सिस्टर डिस्चार्जचे कागद जुळवत होती. "अगं, रक्तवाढीच्या गोळ्या चालू आहेत. काळं होणारच," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं. लोहाच्या गोळ्यांनी काळंच होतं. पण ते घट्ट असतं, आणि त्याला तो वास नसतो. मी तसं म्हटलं. "वासावर डिस्चार्ज थांबवायचा? सरांना काय सांगू, सेकंड इयरच्या पोरीला वास आला?" तिचंही चुकत नव्हतं. दाखवायला माझ्या हातात होतं काय? एक ओघळ, आणि तोही काकूंनी तोवर ब्रशनं घासून काढला होता. उद्या राऊंड, मग घर. घरी पुन्हा उपाशीपोटी गुडघ्याची गोळी, आत वाहणारं रक्त, आणि कधीतरी बंद दाराआड काका कोसळणार. मला ते डोळ्यांपुढं दिसत होतं आणि माझा संताप होत होता. कुणावर ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. फिनेलवर, अगरबत्तीवर, त्या गुळगुळीत दाढीवर.

मी बेडपाशी गेले, पडदा ओढला आणि म्हटलं, "काका, पुढच्या वेळी फ्लश करू नका. पॅन ठेवते, त्यात करा. मला बघायचंय."

काकूंच्या हातातली सुरी थांबली. "अहो, काहीतरीच काय," त्या मला म्हणाल्या, की काकांना, कळलं नाही.

काकांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. मग म्हणाले, "मुली, मी नोकरीत पुष्कळ घातक वस्तू हाताळल्या. पण ही कुणाला दाखवायची वस्तू नव्हे. मला माझीच किळस येते. तुला काय म्हणून दाखवू?"

"मलाही येते," मी म्हटलं. "आत्ता तुमच्या बाथरूममध्ये ओकून आले." हे बोलायला नको होतं, पण तोंडून गेलं. आणि एकदा गेल्यावर मी थांबले नाही. "तुम्ही तपासणीला होतात ना? खराब नग समोर आला की साहेब यायच्या आत नाल्यात टाकून द्यायचात?"

काकांनी मान वळवली. मी तिथं उभी असल्याचं त्यांना बहुधा तेव्हाच दिसलं असावं. "नाल्यात नाही," ते म्हणाले. "खराब नग वेगळा काढायचा, त्याला लाल खूण करायची आणि साहेबाच्या टेबलावर ठेवायचा. टाकणारा माणूस घरी जायचा."

"मग?"

"विचार करतो," काका म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. काकू मला पडद्याबाहेर घेऊन आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "इतक्या वर्षांच्या संसारात मलासुद्धा कधी विचारू दिलं नाही हो त्यांनी." त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचीही चीड आली होती, ती तेव्हा ओसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ड्युटी सुरू झाली तेव्हा वॉर्डात मोगरा मारून झालेला. काकांच्या बेडभोवती पडदा होता आणि बाहेर काकू पहाऱ्याला उभ्या. आतून आवाज आला, "सिस्टर, नग तयार आहे."

मी पडदा सारला. काका घामानं भिजून उशीला टेकले होते, ओठ पांढरे, आणि चष्मा मात्र लावलेला. पॅनवर त्यांनी वर्तमानपत्राची घडी नीट चौकोनी करून ठेवली होती. मी ती उचलली आणि पुन्हा ठेवली. बघायची गरज नव्हती, वासानंच सांगितलं होतं. तरी पुन्हा उचलली आणि पाहिलं, कारण मान फिरवायची नाही. काळं, चकाकणारं, डांबर.

तेवढ्यात राऊंड शिरला. पुढं डॉक्टर, मागं त्यांचे चार शिष्य, बाजूला इन्चार्ज सिस्टर. आणि त्या चकचकीत वॉर्डाच्या मधोमध हातात पॅन घेऊन मी. सिस्टरांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या देवघरात चप्पल घालून शिरलेय. "ती घाण आधी टाकून ये," त्या दात आवळून म्हणाल्या.

"नाही टाकणार," मी म्हटलं. "सर, हे काकांचं आहे. आज डिस्चार्ज आहे त्यांचा. सर, एकदा वास घ्या."

मागच्या शिष्यांपैकी कुणीतरी हसलं. डॉक्टरांचा हात सवयीनं खिशातल्या रुमालाकडं गेला. तो रुमाल अर्धा बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. ते वाकले. सरळ झाले तेव्हा तोंड वाकडं झालेलं, माझं व्हायचं तसंच. "केव्हापासून असं होतंय?" त्यांनी काकांना विचारलं.

"दोनेक आठवडे," काका म्हणाले. "माझ्याकडून चुकीचा शेरा गेला."

डिस्चार्ज थांबला. दुपारी दुर्बीण घातली, पोटात जखम निघाली, गुडघ्याच्या गोळ्यांनी झालेली, रक्त अजून झिरपत होतं. तिथंच बंद केलं, बाटल्या चढवल्या. काका वाचले. माझं कौतुक वगैरे काही झालं नाही, हे पुणं आहे. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "पुढच्या वेळी झाकण असलेला पॅन वापर." मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "हात धुतलेस?" काकूंनी घरी जाताना मला अगरबत्तीचा पुडा दिला. काय म्हणावं आता. हॉस्टेलच्या संडासात तो मी संपवला. आणि वॉर्डात दुसऱ्या दिवशी राऊंडच्या आधी पुन्हा तोच मोगरा.

त्या वर्षी दिवाळीला घरी गेले. काकीला पाणी नेऊन दिलं तर म्हणाली, "ठेव तिथं, पेतो मंग," आणि मी वळल्यावर पेला तुळशीत ओतला. मी ते पाहिलं. परक्या माणसांची घाण मी रोज काढत होते, त्यात मला कधी घाण वाटलं नव्हतं एवढं त्या पेल्यात वाटलं. रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र बसले, आणि बाबांनी विचारलं, तिकडं काय शिकवतात. मी मुद्दाम सांगितलं. शिर्के काकांची सगळी गोष्ट, रंगासकट, वासासकट. काकी ताटावरून उठली, "शी, जेवताना काय थे." बाबा मान खाली घालून खात राहिले. आई भाकरी थापत होती. तिनं एवढंच विचारलं, "त्यायनं दाखवलं तुले? एवढा मोठा मानूस, लाजला नाई?" मी म्हटलं, "लाजले. मंग दाखवलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा गिरणीवर होते आणि काकी ओसरीत करंज्यांचं पीठ चाळत होती. आईनं मला हातानं खुणावलं. आतल्या खोलीत नेलं, दाराला कडी लावली, आणि बाजेवर बसून पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मायं बी अंग खाली येते. लई वर्स झाले. चवड्यावर बसलं का बाहेर येते, मंग मी हातानं आत ढकलतो. वास येते, म्हून फडकं बांधून ठेवतो."

माझ्या डोळ्यांपुढं गिरणीतले धान्याचे डबे आले. ती डोक्यावरून उतरवायची ते, माझ्या जन्मानंतर आणि धाकट्या भावाच्या जन्मानंतर आठवड्याभरात पुन्हा उचलायला लागली ते. आम्ही सगळे तिच्या हातचं जेवत होतो, आणि ती तेवढी वर्षं फडकं बांधून आमच्यात वावरत होती. मला मळमळून आलं. पण ते तिच्यामुळं नव्हतं. आमच्या त्या सारवलेल्या, रांगोळी काढलेल्या घरामुळं होतं.

"पाहू दे," मी म्हटलं.

"तुले किळस येईन."

"येऊ दे. तू झोप."

ती झोपली, तोंडावर पदर घेतला. मी हात धुऊन आले, खिडकीचं दार उजेडासाठी उघडलं आणि फडकं सोडलं. वास आला. गर्भाशय पार उतरलं होतं, घासून घासून वर जखम झालेली. मी पुस्तकात वाचलं होतं तसंच सगळं केलं, बघायचं, हात लावायचा, विचारायचं. लघवी अडते का. रक्त जातं का. कंबर कधीपासून दुखते. आई पदराआडून एकेक उत्तर देत होती, आधी अडखळत, मग धडाधड. ऑपरेशननं बरं होतं म्हटल्यावर तिनं तोंडावरचा पदर काढला.

इतक्यात बाहेरून कडी वाजली. "भरदुपारी दार लावून काय चाल्लं आत?" काकी होती. मी घाईनं आईचं लुगडं सारखं करायला गेले, तर तिनं माझा हात धरला.

"थांब बाहेर," आई मोठ्यानं म्हणाली. तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. "पोरगी मले तपासून रायली."

बाहेर पिठाची चाळणी पुन्हा वाजायला लागली. आईनं माझा हात सोडला आणि म्हणाली, "पाह्य अजून."

पुण्यात कुणी विचारलं, घर कुठलं, की मी यवतमाळकडचं गाव सांगते. लोक मान हलवतात आणि विसरून जातात. माझ्या मनात मात्र गाव येत नाही, गिरणी येत नाही. आतली ती खोली येते, कडी लावलेली, दोघींच्या नाकात तो वास, आणि आई पदर बाजूला करून माझ्याकडं बघत पडलेली.